काय होत न्हाई

तात्यांच्या परड्यात कपडे वाळत घालायची एक लाल दोरी आहे. गावात इतरांच्या परड्यात असते तशी तार किंवा सुंभ नाही. करंगळीपेक्षा बारीक, नायलॉनची, उन्हापावसानं आता फिकट गुलाबी पडलेली. एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं गोठ्याच्या मेढीला. तिच्यावर काकूंची लुगडी वाळतात, तात्यांचे बनियन वाळतात, दिवाळीत आम्ही गेलो की आमचे टॉवेलही वाळतात. दोरीत ठरावीक अंतरावर पत्र्याच्या बारीक पट्ट्या दाबून बसवल्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर एक बाण उठवलेला आहे. सगळे बाण एकाच दिशेनं, गोठ्याकडं. लहानपणी आम्हा पोरांची समजूत अशी की म्हशीला अंधारात गोठा सापडावा म्हणून तात्यांनी ही सोय केली आहे.

तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. गडहिंग्लज तालुक्यातलं आमचं गाव, घराआड एक माणूस फौजेत. कोल्हापूर जिल्ह्यात हे काही नवल नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचं नावच मुळी सैनिक टाकळी पडलंय. तात्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावला भरती, तिथंच ट्रेनिंग आणि मग निम्मी नोकरी काश्मीरच्या बर्फात. रिटायर होऊन आले तेव्हा ट्रंकेतून एक घोंगडीसारखं जाड जॅकेट, एक रम ठेवायची चपटी बाटली आणि ही दोरी निघाली. जॅकेट उंदरांनी खाल्लं. बाटलीचं काय झालं ते काकूंना विचारायची सोय नाही. दोरी राहिली.

तिचा खरा उपयोग मला फार उशिरा, पंचविशी ओलांडल्यावर कळला. हिमालयात फिरून आलो होतो, फोटो दाखवत होतो, आणि तात्या फोटो न बघता दोरीकडं बघत म्हणाले, ‘‘ही कमरंला बांधून चालायची. मागं सोडून द्यायची, शेपटीगत. ॲव्हलांच आला आन् मानूस गाडला, तर दोरी हलकी असती, तिचा एखादा तुकडा वर ऱ्हातोय. मागचा मानूस तो धरनार. पन दोरी धरून जायाचं कुनीकडं? म्हनून बाण. बाण जिकडं, तिकडं मानूस.’’

मी गोठ्याच्या मेढीकडं पाहिलं. त्या मेढीला बांधलेल्या टोकाला कधीकाळी तात्यांची कंबर होती.

हिमस्खलन हा शब्द आपल्याकडं वर्तमानपत्रातला. फौजी माणूस कधी हिमस्खलन म्हणत नाही, तो ॲव्हलांच म्हणतो, आणि ‘झालं’ असं न म्हणता ‘आला’ म्हणतो. पावणा आल्यासारखा.

आता कोल्हापूरच्या माणसाला बर्फाचं काय पडलंय असं कुणी विचारलं तर त्यात चूक नाही. आमच्याकडं बर्फ म्हणजे रंकाळ्यावरचा गोळा. पण ज्या गोष्टीबद्दल मला लिहायचंय ती बर्फापेक्षा कोल्हापूरच्या जास्त जवळची आहे. ती म्हणजे आमचं एक पेटंट वाक्य: ‘काय होत न्हाई.’ शिवाजी पुलाखाली पंचगंगा फुगलेली असताना कठड्यावर बसून भडंग खाणारा हे वाक्य म्हणतो. पावनखिंडीच्या वाटेवर ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना पाय घालणारा हेच म्हणतो. आणि म्हणतो ते बहुतेक वेळा खरं ठरतं, हीच तर सगळी गोम आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघं मनालीच्या वर सोलंगला गेलो होतो. तिथून व्यास नदीच्या काठाकाठानं धुंदीकडं, पुढं बकरथाचच्या कुरणापर्यंत बर्फातून चालत जायचं, एक रात्र तंबूत काढायची आणि परतायचं, असा बेत. चौघांतला एक पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली गावचा. शाळेपासून त्याला आम्ही चिखली म्हणूनच हाक मारतो, त्याचं खरं नाव शिक्षकांनाही आठवत नसेल. चिखलीनं पाठीवरच्या पिशवीत दोन किलो कांदा-लसूण चटणी आणली होती आणि ती त्यानं राजम्यावर, मॅगीवर, एकदा तर चहाबरोबरच्या बिस्किटावरही टाकली.

पोचलो त्या संध्याकाळीच हवा बिघडली. वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते हेच. भूमध्य समुद्राच्या बाजूनं ओल घेऊन ही वादळं हिवाळाभर एकामागून एक येत राहतात आणि हिमालयावर रिकामी होतात. आपल्याकडं पाऊस कौलांवर वाजतो. बर्फ वाजत नाही. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस तो पडत राहिला आणि खोलीत आम्हाला फक्त बुखारीतल्या लाकडांचा आणि वाऱ्याचा आवाज. सकाळी दार ढकललं तर उघडेना. घरमालकानं फावड्यानं पायवाट काढली, ती तासाभरात बुजली. चिखलीनं पत्ते काढले. दोन दिवसांत मी त्याला साडेचारशे रुपये हरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ असं निघालं होतं की बघतच राहावं. निळं म्हणजे निळं. देवदारांवर बर्फाचे गठ्ठे, समोरच्या कड्यांना सोनेरी किनार. आम्ही बूट बांधून तयार. आणि आमचा वाटाड्या, तिथलाच, विशी-पंचविशीतला, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत कोर्स केलेला पोरगा, हातात चहाचा ग्लास घेऊन वर कड्याकडं बघत उभा. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘‘आज नहीं, साब. कल भी शायद नहीं.’’

आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. वादळ होतं तेव्हा आम्ही गुमान बसलो होतो, ते समजण्यासारखं होतं. आता काय झालं? चिखली म्हणालाच, ‘‘आरं भावा, एवढं ऊन पडलंय. काय होत न्हाई, सांग त्याला.’’

पोरानं कड्याच्या धारेकडं बोट केलं. निळ्या आभाळात धारेवरून पांढरा धूर निघत होता, अगाशीवर कुणी पीठ पाखडावं तसा. आम्ही त्याचाच फोटो काढून घरी पाठवला होता. तो धूर म्हणजे वारा होता. पलीकडच्या अंगाला पडलेलं बर्फ वारा उचलत होता आणि धार ओलांडून आमच्या अंगाला, आमच्या वाटेच्या बरोबर वर, आणून टाकत होता. आभाळातून पडणं थांबलं होतं. उतारावर साठणं थांबलं नव्हतं. वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर बर्फ असं कित्येक पट वेगानं साठतं, आणि साठतं तेही नुसतं ढिगासारखं नाही. वाऱ्यानं कण ठेचून बारीक होतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एक सलग पापुद्रा होतो. फरशीसारखा.

तरीही आमची तोंडं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, चला, दाखवतो. गावामागच्या एका छोट्याशा चढाला त्यानं आम्हाला नेलं. खाली काहीच नाही, घसरलं तरी दहा फुटांत थांबेल अशी जागा. तिथं त्यानं फावड्यानं छातीएवढा खड्डा खणला आणि त्याची एक भिंत कर्णी फिरवावी तशी सपाट तासली. त्या भिंतीत रेघा दिसत होत्या, जुन्या वहीची पानं बाजूनं दिसतात तशा. प्रत्येक वादळाची एक रेघ. वरचे दोन हात नवं बर्फ. त्याखाली एक करडा, कडक थर. आणि अगदी बुडाशी चार बोटं जाडीचा एक थर असा होता की त्याला बोट लावलं तर ते आत गेलं आणि थर भसाभसा बाहेर सांडला.

त्यानं माझ्या हातमोज्यावर तो थोडा घेतला. टपोरे, चमकणारे, कोरडे दाणे. मूठ आवळली तरी एकमेकांना धरेनात.

‘‘साखर हाय की ही,’’ चिखली म्हणाला.

गंमत म्हणजे बर्फाचा अभ्यास करणारेही तिला साखरच म्हणतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडंसंच बर्फ पडलं आणि मग बरेच दिवस आभाळ मोकळं राहिलं की ही साखर तयार होते. जमीन त्या मानानं उबदार, वरची हवा कडाक्याची थंड. खालची वाफ वर वर चढते आणि वाटेत गोठून बर्फाच्या कणांचं रूप पालटून टाकते. मऊ कणाचा पैलूदार दाणा होतो, आणि दाणा दाण्याला सोडतो. मग डिसेंबर-जानेवारीची मोठी वादळं येऊन याच साखरेवर आपला माल उतरवतात. वर्षभर साखर कारखान्यांच्या मळीच्या वासात राहणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. गुळाचा रवा बघा. फोडायला बत्ता लागतो, एकजीव असतो. साखरेचं पोतं उसवलं की सगळी जमिनीवर. आता तिरक्या फळीवर साखर पसरा आणि तिच्यावर गुळाचा रवा ठेवा. रवा कितीही घट्ट असो, काय उपयोग? उलट तो घट्ट आहे हीच पंचाईत, कारण जायची वेळ आली की तो सगळाच्या सगळा जाणार.

मग त्यानं करवतीनं त्या भिंतीतून हातभर रुंदीचा एक खांब सुटा केला. त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि पात्यावर हाताच्या बोटांनी थापा मारायला सुरुवात केली. आधी दहा, नुसत्या मनगटातून. काही नाही. मग कोपरापासून. एक. दोन. तिसऱ्या थापेला आवाज न होता, कुणी आतून कडी काढावी तसा, वरचा सगळा ठोकळा पुढं सरकला आणि त्याच्या पायाशी येऊन पडला. खाली साखरेचा थर आरशासारखा उघडा.

ठोकळा मोडला नव्हता. त्याच्या कडासुद्धा शाबूत होत्या. तो फक्त निघाला होता.

‘‘ये हाथ था,’’ तो म्हणाला. ‘‘आप अस्सी किलो के हो.’’

हे त्यानं चिखलीकडं बघून म्हटलं, त्याचा चिखलीला अजून राग आहे.

परत खोलीवर आलो आणि त्या दिवशी, दुसरं काही करायला नसल्यानं, मी त्या पोराला प्रश्न विचारून भंडावलं. नंतर घरी आल्यावर वाचत राहिलो. आपल्या कल्पनेतलं हिमस्खलन सिनेमातलं असतं: कुणीतरी ओरडतं, आवाज घुमतो आणि कडा कोसळतो. आवाजानं सहसा असं काही होत नाही. तात्या मात्र अजून हे मान्य करत नाहीत; त्यांच्या पलटणीत अशा जागी खोकायचीसुद्धा चोरी होती. खरं कारण असतं वजन. आणि बरेचदा ते वजन गाडल्या गेलेल्या माणसाचं स्वतःचं किंवा त्याच्या सोबत्याचंच असतं. तो उतार एरवी तसाच निजून राहिला असता.

आणि असा उतार उभाच्या उभा कडा असतो हेही खरं नाही. फार उभ्या भिंतीवर बर्फ टिकतच नाही, थोडं थोडं गळून जातं. धोक्याचा उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा. आपल्या घराचा जिना असतो तो तीसेक अंशांचा, थोडा जास्तच. म्हणजे ज्या चढाला बघून ‘एवढं काय त्यात’ म्हणावं, तोच. शिवाय असे उतार जंगलात ओळखूही येतात. सोलंगच्या वर देवदारांच्या रानात एक मोकळी पांढरी पट्टी होती, वरून खालपर्यंत, भांगासारखी. तंबू टाकायला काय झकास जागा, असं मी म्हणालो होतो. पोरानं विचारलं, ‘‘इथं झाडं का नाहीत?’’ कडेच्या झाडांकडं पाहिलं तर वरच्या अंगाच्या त्यांच्या फांद्या झडलेल्या, तासून काढल्यासारख्या. तिथं दर काही वर्षांनी काय येऊन जात असेल, ते मग सांगायला लागलं नाही.

वजनाचा हिशेब मी तिथंच कागदावर केला. पन्नास मीटर रुंद, वीस मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड असा एक पापुद्रा सुटला, म्हणजे तसा किरकोळच, तरी पाचशे घनमीटर बर्फ. नवं, वाऱ्यानं दाबलेलं बर्फ घनमीटरला दोनशे किलो धरलं तर शंभर टन. गळिताच्या दिवसांत रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात, तशा आठ-दहा ट्रॉल्या एकदम अंगावर रिकाम्या झाल्या असं समजा. आणि थांबल्यावर ते बर्फ कापसासारखं राहत नाही. घसरताना घासून, दबून, थांबल्याक्षणी ते असं बसतं की बोट हलवता येत नाही. म्हणूनच सोबत्यांच्या हातात जे काय आहे ते पहिल्या पंधरा मिनिटांत. तेवढ्यात बाहेर काढलं तर दहांतली नऊ माणसं जगतात. अर्धा तास उलटला की तिघांतला एक. थंडीनं मरायला वेळ लागतो, त्याआधी श्वास संपतो. आपल्याच उच्छ्वासानं तोंडापुढचं बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि त्याचा मुखवटा होतो.

हल्ली यासाठी छातीवर बांधायचं एक यंत्र मिळतं, ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडणारं. वर राहिलेल्यानं आपलं यंत्र शोधावर टाकायचं, मग ते अंतर आणि दिशा दाखवतं. तात्यांची दोरी, पण बिनदोरीची. त्याबरोबर घडीची लांब कांब आणि फावडं हवं. यंत्रानं जागा सापडली तरी खणायचं हातानंच. आम्हा चौघांकडं मिळून यातलं काय होतं? चटणी होती.

त्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, किन्नौरमध्ये शिपकी ला खिंडीजवळ गस्तीवरचे जवान हिमस्खलनात गाडले गेले. आम्ही तोवर कोल्हापुरात परतलो होतो. बातमी वाचून मी ती चौघांच्या ग्रुपवर टाकली. कुणी काही लिहिलं नाही. चिखलीनं हात जोडलेले पाठवले.

तात्यांना अशा बातम्या वाचवत नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम चौकीवर, १९,६०० फुटांवर, दहा जवान गाडले गेले आणि सहाव्या दिवशी त्यातला एक जिवंत सापडला, तेव्हा मात्र तात्या टीव्हीपुढून हलले नव्हते. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद. धारवाड जिल्ह्यातला, म्हणजे बेळगाव ओलांडलं की आलंच. आमच्या गावाकडं निम्मी सोयरीक त्या मुलखाशी. काकूंनी देव पाण्यात ठेवले होते. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात तो गेला. तात्या उठून परड्यात गेले आणि म्हशीला पाणी पाजत राहिले, ती पीत नव्हती तरी.

आणि हे फक्त नवख्यांचं होतं असं म्हणून सुटताही येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी ‘द्रौपदी का डांडा-२’ या शिखराजवळ हिमस्खलनात सापडले. एकोणतीस माणसं गेली. त्यांत सविता कंसवाल होती, संस्थेची प्रशिक्षक. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं चढून आलेली मुलगी. बर्फाला समोरच्याचं प्रगतिपुस्तक वाचता येत नाही.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हे की, डोंगर शिकवत कसा नाही. चुलीला हात लावला की भाजतो, पोर पुन्हा लावत नाही. उतारावरून दहा वेळा गेलं आणि दहाही वेळा काही झालं नाही, तर माणूस म्हणतो मला हा डोंगर कळतो. वास्तविक त्या दहांपैकी सात वेळा उतार भक्कम असेल आणि तीन वेळा नुसत्या एका थापेनं चुकामूक झाली असेल. परत आल्यावर या सातांत आणि त्या तिनांत फरक काय दिसतो? काहीच नाही. सगळ्यांचे फोटो सारखेच येतात.

आमच्या पाण्याचं तसं नाही, असं मला वाटायचं. पाण्याला आकडा आहे. जुलै उजाडला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी विचारतात, ‘राजारामला किती झालं?’ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. शेंबडं पोर सांगेल. राधानगरीला तर सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. उघडले की भोंगा होतो, व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात, नदीकाठचे लोक जनावरं सोडतात. बर्फाच्या उताराचाही दरवाजा असाच स्वयंचलित, फक्त त्याच्या भिंतीवर फुटांचे आकडे रंगवलेले नसतात आणि भोंगा नसतो. पोरानं मोजलेल्या त्या थापा म्हणजे त्यातल्या त्यात फूटपट्टी.

पण आकडा असून तरी काय होतं? २०१९ च्याच ऑगस्टमध्ये, सोलंगहून आल्यावर सहा महिन्यांत, महापूर आला. चिखलीच्या घरात सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, त्याच्या वडिलांनी तेलरंगानं ओढून तारीख घातलेली. पाणी चढायला लागलं तसे शेजारचे बाहेर पडले. चिखलीचं घर राहिलं. का, तर २००५ ला पाणी रेघेपर्यंत आलं होतं, म्हणून ते रेघेच्या वर येणार नाही. सामान रेघेच्या वर फळीवर रचलं, माणसं माडीवर गेली. मी फोन केला तर म्हणाला, ‘‘आमचं घर ठरल्यालं हाय. काय होत न्हाई.’’ राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. फळी तरंगली. दोन रात्री माडीवर काढून तिसऱ्या दिवशी तो, त्याची आई आणि एक कुत्रं नावेतून बाहेर आले. म्हशी आधी सोडल्या होत्या, तेवढं बरं केलं होतं.

पुढं घर धुवायला आम्ही तिघं गेलो होतो. चिखलाचा तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. सोपा खरवडून झाल्यावर चिखलीनं डबा शोधला आणि २००५ च्या रेघेच्या वर, डोक्याच्याही वर, नवी रेघ ओढली. ब्रश धुता धुता मला म्हणाला, ‘‘आता ह्याच्या वर काय येत न्हाई.’’ हसला नाही. मी पण हसलो नाही. २०२१ च्या जुलैत तो आईला घेऊन राजारामला ३९ व्हायच्या आधीच बहिणीकडं गेला, हे त्याच्या वतीनं नोंदवतो.

त्याच जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला. ज्या रस्त्यानं आम्ही हजार वेळा झुणका-भाकर खायला गेलो, तो एका पावसात दरीत. रायगड जिल्ह्यात तळियेवर दरड आली तीही तेव्हाचीच, २२ जुलैला. त्याआधीचं २०१४ चं माळीण आणि नंतरचं २०२३ चं इर्शाळवाडी. मातीचा उतार आणि बर्फाचा उतार एका रक्ताचे नाहीत, पण चुलतभाऊ आहेत. वर ओझं चढत जातं, खाली धरणारं काहीतरी ढिलं होत जातं, आणि दोन्ही गोष्टी वरून हिरव्या किंवा पांढऱ्या, छान दिसतात.

मी दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड जातो. सोलंगनंतरही जातो, सोडलेलं नाही. मसाई पठारावर धुकं असं असतं की पुढच्या माणसाची पिशवी तेवढी दिसते, जळवा लागतात, वाट म्हणजे लाल राडा. पण आता मान आपोआप वर जाते. वरच्या अंगाला झाडं का नाहीत? हा ओढा सकाळी गढूळ होता का मघाशी झाला? गेल्या खेपेला एका ओढ्याशी मी थांबलो आणि पाणी उतरेपर्यंत जाणार नाही म्हणालो. मागून आलेल्या तालमीच्या पोरांनी दोर लावला, आरोळी ठोकली, पार झाली. दीड तास मी काठावर भिजत बसलो. पार झालेल्यांतला एक पलीकडून ओरडला, ‘‘काका, या की! काय होत न्हाई!’’ त्याला काही झालं नाही. मला काका म्हटल्याचं जास्त लागलं.

सोलंगच्या त्या उताराचं काय झालं, हे लोक हमखास विचारतात. गोष्ट ऐकणाऱ्याची अपेक्षा असते की आम्ही थांबलो आणि दुपारी तो उतार धाडधाड खाली आला. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आम्ही आणखी दोन दिवस सोलंगला होतो. पलीकडच्या खोऱ्यात काहीतरी गेल्याचा लांबचा गडगडाट एकदा ऐकू आला, तेवढंच. आमच्या वाटेवरचा उतार जसाच्या तसा होता. निघताना चिखलीनं गाडीच्या काचेतून त्याचा फोटो काढला आणि अजूनही कधी जेवणाच्या पंगतीत तो फोटो काढून सगळ्यांना दाखवतो. ‘‘ह्यो बघा. हितनं आमाला जाऊ दिलं न्हाई. पैसं बुडालं. काय झालं हुतं ह्येला?’’ माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं, आताही नाही. त्या पोराकडंही नव्हतं. त्यानं आमच्याकडून मजुरी फक्त एका दिवसाची घेतली आणि ‘गर्मी में आना’ म्हणून हात हलवला.

गेल्या दिवाळीत चिखलीला गावी घेऊन गेलो होतो. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी ऐकू येतं. चिखलीनं त्यांनाही तो फोटो दाखवला, मोठ्यानं विचारलं, ‘‘तात्या, तुमी गेला असता का हितनं?’’ तात्यांनी मोबाइल लांब धरून, मग जवळ धरून बघितला. बोटानं मोठा केला. हे त्यांना नातवानं शिकवलंय. धारेवरचा तो धूर नखानं दाखवला.

‘‘हुकूम असता तर गेलो असतो,’’ ते म्हणाले. ‘‘एकेक करून. रातीचं. दोरी सोडून.’’

‘‘आन् हुकूम नसता तर?’’

तात्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. काकूंनी आतून हाक मारली की कपडे काढा, दव पडायला लागलंय. चिखली उठला आणि दोरीवरचे टॉवेल एकेक करून खांद्यावर टाकत गोठ्याच्या मेढीपर्यंत गेला.